चौपन्न वर्षांची म्हैस

हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम
१२ जानेवारी २०२४

चि. कल्पेश मढवी यास,
हरिचंद्र गायकर याचे अनेक आशीर्वाद.

मागच्या महिन्यात तुम्ही आईवडिलांना घेऊन अंबरनाथहून आमच्या जिज्ञासाला बघायला आलात, तेव्हा गडबडीत एक गोष्ट राहून गेली. मी तुम्हाला विचारलं होतं, बेंगळुरूला नक्की काय काम करता. तुम्ही म्हणालात, "अँटिबॉडी रिसेप्टरवर कशी बसते ते बघतो." मी मान हलवली, कारण शेजारी तुमचे वडील सुदामभाऊही मान हलवत होते. नंतर जिन्यात त्यांना गाठून विचारलं, तर त्यांनाही माहीत नव्हतं.

तुम्ही गेल्यावर घरात चर्चा झाली. माझे थोरले बंधू म्हणाले, बॉडीचं काम म्हणजे टेम्पोची बॉडी, धंदा चांगला आहे, उल्हासनगरला त्यांच्या ओळखीचे दोघं त्यातच वर आले. वहिनी म्हणाली, जिमवाली बॉडी असेल, पण मग मुलगा एवढा काडी कसा. माझी पत्नी वेणू म्हणाली, तो 'बघतो' म्हणाला, 'करतो' म्हणालाच नाही, म्हणजे करणारे दुसरे असणार.

मी अंबरनाथच्या केमिकल कंपनीत बॉयलरवर नोकरी केली. कुठल्या पाइपातून काय जातं ते समजल्याशिवाय कधी व्हॉल्व्हला हात लावला नाही. मुलगी देतानाही तसंच करणार. तेव्हा तुमचं काम सविस्तर लिहून पाठवा. फोन करू नका. आमच्याकडे फोन आला की तो स्पीकरवर टाकायची पद्धत आहे. आणि घरी टपाल आलं की ते आधी वहिनी फोडते, म्हणून पत्र उल्हासनगर कॅम्प १ मध्ये गोपसेठच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. गोपसेठ माझे जुने मित्र, चादरी आणि गाद्यांचे व्यापारी. पत्ता मागे लिहिला आहे.

एक प्रश्न आत्ताच विचारून ठेवतो. ही जी बॉडी जाऊन बसते, ती बसल्यावर करते काय?

आपला,
हरिचंद्र गायकर


बेंगळुरू
२३ जानेवारी २०२४

आदरणीय हरिचंद्रकाका,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आमच्या संस्थेत आलं तेव्हा दारावरच्या बाईंनी ते कोर्टाची नोटीस समजून माझी सही घेतली. हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट इथे कुणाला येत नाही.

उत्तराला मी दोनदा सुरुवात केली. पहिल्यांदा लिहिलं, "पेशीपटलावरील ग्राही प्रथिनांच्या बाह्य भागाशी प्रतिपिंडांचे बंधन झाल्यावर होणारे रचनात्मक बदल हा माझा अभ्यासविषय आहे." ते वाचून मला स्वतःलाच मुलगी द्यावीशी वाटेना. म्हणून फाडलं आणि पुन्हा लिहायला बसलो.

आपल्याकडची हळद डोळ्यांसमोर आणा. मांडव भरलाय, डीजे लावलाय. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी म्हणजे असा एक मांडव, आणि तिच्या अंगावर जे रिसेप्टर असतात ती मांडवाच्या कडेने उभी असलेली माणसं. बहुतेक जण हात बांधून उभे असतात. बाहेरून कुणी बोलावणं घेऊन आलं की मग हात सोडतात, शेजारच्याचा हात धरतात आणि नाचायला लागतात. जोडी जमली की आत निरोप जातो: वाढा, एकाचे दोन व्हा. जखम भरायची असेल, पोर वाढायचं असेल, तर हे हवंच.

यांच्यातला एक आहे, हर-टू नावाचा. तो हात बांधतच नाही. बोलावणं लागत नाही, सुपारी लागत नाही, सदा हात पुढे. जो जवळ येईल त्याला धरून नाचणार. साध्या पेशीवर असे थोडेच असतात, म्हणून खपून जातं. पण काही कॅन्सरमध्ये पेशीच्या अंगावर यांचीच झुंबड उडते. मग डीजे बंद होत नाही आणि पेशी वाढत सुटते.

अँटिबॉडी म्हणजे बेचकीच्या आकाराचं एक प्रथिन. एरवी आपलं शरीरच ती जंतूंसाठी बनवतं. ही मात्र कारखान्यात टाक्यांमधून बनवतात, औषध म्हणून. तिची दोन टोकं फक्त हर-टूला ओळखतात. ती जाऊन त्याच्या अंगावर बसते. काही त्याच्या पायाशी बसतात, काही थेट त्या पुढे केलेल्या हातावर. मग नाच मंदावतो. शिवाय बेचकीची मूठ बाहेर राहते, ती बघून शरीरातले शिपाई धावत येतात. आणि कुणी असं अंगावर बसलं की तो हर-टू वाकतो, कलतो, त्याचा आकार बदलतो. कसा बदलतो, ते मी बघतो.

त्यासाठी आम्ही त्यांना बर्फात एका क्षणात गोठवतो आणि लाखो फोटो काढतो. वेणूकाकूंना सांगा, गोठवायचं काम मी स्वतः करतो.

आपला,
कल्पेश


उल्हासनगर कॅम्प १
५ फेब्रुवारी २०२४

चि. कल्पेशराव यांस आशीर्वाद.

पत्र गोपसेठच्या दुकानात गादीच्या गुंडाळीवर बसून वाचलं. हळदीचं एकदम पटलं. हर-टूसारखा एक माणूस आमच्या भावकीत आहे, नाव लिहीत नाही. गोपसेठ म्हणाले, "साईं, लडका साफ लिखता है, ये रिश्ता छोडो मत." फक्त फोटोंचं जरा खटकलं. पुतणीच्या हळदीत सुजित फोटोग्राफरने चार हजार फोटो काढले आणि एकात सुद्धा नवरीचा चेहरा धड नाही. तुम्ही लाखो काढता म्हणजे काळजीच आहे.

आता एक अवांतर विषय. आमची एक म्हैस आहे. तिच्या कासेत गाठ आली. गुरांच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला, तर त्याच्यात हर-टू तीन प्लस आलं. मी खूश झालो. जिज्ञासाला दहावीत नुसतं ए प्लस मिळालं होतं तर आम्ही पेढे वाटले होते, इथे तर तीन. पण डॉक्टरांचा चेहरा पेढ्याचा नव्हता.

ते म्हणाले, आधी सलाइनमधून औषधं, मग ऑपरेशन, मग पुन्हा तेच औषध, मिळून वर्षभर. औषधाचं नाव ट्रास्टुझुमॅब. म्हैस म्हणते, "त्रास तुझा माप? ज्याच्या नावातच त्रास हाय त्याला मी आंगान कशाला घेऊ?" म्हणजे म्हैस म्हणत नाही, म्हशीकडे बघणारे म्हणतात.

तर तुमच्या ज्ञानाची परीक्षा म्हणून विचारतो. ही बॉडी एकदा बसली की जन्मभर बसते की उठून जाते? हृदयाला काही करते का, कारण डॉक्टर आधी हृदयाची सोनोग्राफी सांगत आहेत. आणखी एक दुसरी अँटिबॉडीही सोबत द्यायची म्हणतात, ती कशाला, एक बसली आहे ना? आणि म्हशीचे केस जातील का?

म्हशीचं वय चौपन्न. साखर आहे पण ताब्यात. स्वभाव तापट आहे, मनाने चांगली.

मुलीबाबत विचार चालू आहे.

हरिचंद्र


बेंगळुरू
१४ फेब्रुवारी २०२४

आदरणीय हरिचंद्रकाका,

म्हैस चौपन्न वर्षांची नसते. माझ्या आजोबांकडे सात होत्या. एकीलाही चौपन्नावं लागलं नाही, आणि केस जातील का याची काळजी तर कुणीच केली नाही.

काका, वेणूकाकू आजारी आहेत का?

असतील तर माझ्या परीक्षेचं राहू द्या. आधी उत्तरं देतो. बॉडी जन्मभर बसत नाही. हळूहळू कमी होत जाते, म्हणून दर तीन आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. हृदयाच्या पेशींवरही थोडे हर-टू असतात, त्यांना ते कामाला लागतात, म्हणून हृदय आधी तपासतात आणि पुढेही मधूनमधून तपासत राहतात. बहुतेकांना काही होत नाही, झालं तर डॉक्टर औषध थांबवतात. केस जातात ते अँटिबॉडीने नाही, सोबतच्या किमोने. ते पुन्हा येतात.

दुसरी अँटिबॉडी कशाला, हे विचारलंत म्हणून खरं सांगतो, मला आनंद झाला. आमच्या विभागात नवी आलेली मुलं हे सहा महिन्यांनी विचारतात. हर-टूचं बाहेरचं अंग चार खणांचं असतं. पहिली अँटिबॉडी चौथ्या खणावर बसते, म्हणजे पायाशी. पण पायाशी कुणी बसलं तरी हात मोकळा राहतो. दुसरी येते ती दुसऱ्या खणावर, त्या हातावरच बसते. आता धरणार कुणाला?

पण काका, मी डॉक्टर नाही. गोठवतो आणि फोटो काढतो. तुमचे डॉक्टर म्हणतात ते ऐका आणि लवकर सुरू करा. थांबण्यात काही फायदा नाही. मुलीचा विचार तुम्ही दहा वर्षं करा, माझी हरकत नाही. याचा करू नका.

कल्पेश


उल्हासनगर कॅम्प १
२४ फेब्रुवारी २०२४

चि. कल्पेशराव,

तुम्ही ओळखलंत. गोपसेठ म्हणालेच होते, वय लिहू नका.

वेणूच आहे. गाठ डिसेंबरात कळली, तुम्ही येऊन गेलात त्याच आठवड्यात. घरात फक्त मला ठाऊक आहे. भावाला सांगितलं तर वहिनीला कळेल, वहिनीला कळलं तर हेंद्रेपाड्याला कळेल, आणि मग रोज दारात माणसं येऊन पपईचा पाला देऊन जातील. जिज्ञासा पुण्याला मोटारींच्या सुट्या भागांच्या कंपनीत आहे. तिला सांगितलं तर ती नोकरी टाकून येईल, म्हणून वेणूने शपथ घातली.

पण खरी अडचण वेणूच आहे. ती औषध घेत नाही. घाबरत नाही, नुसती घेत नाही. आमच्या मागच्या दोन खोल्या ती भाड्याने देते. भाडेकरू आला की त्याला गाव विचारते, आईचं माहेर विचारते, घोरतोस का विचारते. मागे एक बँकेतला माणूस पगाराची चिठ्ठी घेऊन आला होता, तर त्याला म्हणाली, कागद राहू दे, तू भांडी कोण घासतं ते सांग. अशी बाई कुणालाही अंगात राहायला देईल का? डॉक्टरांना तिने विचारलं, हे औषध आत जाऊन काय करतं. ते म्हणाले, "आजी, ते टार्गेटेड आहे." बाहेर आली आणि मला म्हणाली, एक तर मी आजी नाय, दुसरं म्हणजे हा मानूस मना काय सांगत नाय.

तेव्हा मला तुमची आठवण झाली. तुमची पत्रं मी तिलाच वाचून दाखवतो, म्हशीचं तेवढं गाळून, गोपसेठच्या दुकानात. घरी सांगतो, चादरी घ्यायला जातोय. आता घरात अकरा चादरी झाल्या आहेत आणि वहिनीला संशय येऊ लागला आहे.

चार खणांचं तिला आवडलं. आता तिचा एकच प्रश्न उरला आहे, तो तिच्या तोंडचा लिहितो. "तो आंगान येऊन बसनार ते ठीक. पन माझं चांगलं कोनतं नि वाईट कोनतं, ते त्याला कसं कलनार?"

याचं उत्तर बरोबर द्या. चुकीचं दिलं तर तिला कळतं. कसं कळतं ते मला तीस वर्षांत समजलेलं नाही.

मुलीबाबत विचार चालूच आहे, घाई करू नका.

हरिचंद्र


बेंगळुरू
४ मार्च २०२४

ती. वेणूकाकूंना,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्हालाच लिहितोय. काका वाचून दाखवतील.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं आहे, की त्याला कळत नाही. चांगलं-वाईट काही कळत नाही. त्याला फक्त हर-टू ओळखता येतो. गाठीतल्या पेशींवर हर-टूची गर्दी आहे, म्हणून तो तिथे जास्त बसतो. हृदयावर थोडे आहेत, तिथेही थोडा बसेल. म्हणून तर हृदयाची तपासणी. तो हुशार नाही, काकू. हट्टी आहे. एकाच गोष्टीचा हट्ट.

आणि एक गोष्ट कुणी सांगणार नाही ती सांगतो. आधी आम्हाला वाटायचं, हर-टू लोखंडी सळईसारखा ताठ आहे. आता फोटोंमध्ये दिसतं की तो बांबूसारखा डुलतो. अँटिबॉडी बसली की डुलणं कमी होतं, कधी वेगळ्याच बाजूला कलतो. दोन बसल्या की दोघी मिळून त्याला कसा धरतात, ते अजून पूर्ण कळलेलं नाही. आता तर अशा अँटिबॉडी निघाल्यात की एकीच्याच दोन टोकांनी दोन वेगळे खण धरायचे. त्या पुष्कळ हर-टू एकत्र खेचून त्यांची मोट बांधतात आणि पेशी ती मोटच गिळून टाकते. मी सध्या तेच बघतोय.

सहा वर्षं मी या एका रिसेप्टरकडे बघतोय आणि मला तो पुरता समजलेला नाही. तुम्ही सगळं समजल्यावर औषध घेणार असाल, तर ते कधीच होणार नाही. पण ज्यांनी घेतलं त्यांच्यात किती जणींना गुण आला हे मोजलेलं आहे, आणि तुमच्यासारखी गाठ लवकर सापडली तर तो आकडा चांगला आहे. तुम्हाला येईलच असं मी लिहू शकत नाही. लिहिलं तर तुम्हाला कळेल असं काका म्हणतात.

घ्या काकू.

तुमचा,
कल्पेश


हेंद्रेपाडा, बदलापूर
२१ मे २०२४

कल्पेश,
नमस्कार. मी जिज्ञासा गायकर. आपण एकदा भेटलो आहोत, पोह्यांच्या वेळी.

मी गेल्या आठवड्यात न सांगता घरी आले. आई डोक्याला ओढणी गुंडाळून ओट्यापाशी उभी होती. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, "केस गेले, येतील परत. बस, पानी देते." मग सगळं सांगितलं. मार्चपासून औषध चालू आहे. मी दोन तास रडले आणि एक तास भांडले. त्यानंतर आईने मला हाताची चार बोटं दाखवून समजावलं. हा पहिला खण, हा चौथा, माझावाला इथे बसतो, त्याची भैन इथे बसते. मी इंजिनियर आहे आणि मला शेवटपर्यंत कळलं नाही. ती म्हणाली, कल्पेशला विचार, तो नीट सांगतो.

तेव्हा मला विचारावं लागलं, कोण कल्पेश.

तर तुम्हाला एक गोष्ट माहीत असायला हवी. मी तुम्हाला डिसेंबरातच नकार दिला होता. तुमची रिक्षा गल्लीच्या बाहेर पडायच्या आत. राग मानू नका, पण तुम्ही अर्धा तास बर्फाबद्दल बोललात आणि जाताना मला 'प्रज्ञा' म्हणालात. बाबांनी तो नकार तुम्हाला कळवलाच नाही. काल विचारलं तर म्हणाले, "कळवला असता तर त्याने चौथा खण सांगितला असता का?" मी त्यांना एवढंच सांगितलं की यापुढे माझ्या नावावर कुणाला झुलवायचं नाही. ते बरं म्हणाले आणि लगेच विचारलं, पुढचं पत्र कधी येईल.

तुमचं शेवटचं पत्र ऐकून आई म्हणाली म्हणे, "ज्याला सहा वरसांत कलला नाय, त्याची वाट बघत मी बसू काय? चला." तशीच उल्हासनगरहून रिक्षाने डॉक्टरांकडे गेली. बाबांच्या हातात बारावी चादर होती.

आता सलाइनच्या खोलीत तिने दुकान मांडलंय. बाटली लावायच्या आधी नर्सला नाव वाचायला लावते. शेजारच्या खुर्च्यांवरच्या बायकांना हळद, डीजे, सगळं सांगते. परवा एका बाईने डॉक्टरांना विचारलं, मला पण ते नाच थांबवणारं द्या की. त्या बाईला हर-टू नव्हता. आईने तिची समजूत घातली, म्हणाली, "तुझ्या मांडवात दुसराच कोनतरी नाचतो, त्याचं औषध वेगलं."

म्हशीचंही तिला कळलं आहे. गोपसेठ हसता हसता बोलून गेले. बाबा दोन दिवस दुकानातच जेवले.

तुम्हाला इतके महिने लटकवून ठेवलं, त्याबद्दल मी वडिलांच्या वतीने माफी मागते. आणि पत्रांबद्दल मनापासून आभार. ते मात्र माझ्या स्वतःच्या वतीने.

जिज्ञासा


बेंगळुरू
१ जून २०२४

जिज्ञासा,
नमस्कार. नाव तीनदा तपासून लिहिलं आहे.

तुमचं पत्र वाचून मी इतका मोठ्याने हसलो की बाहेरून दोघं बघायला आले. नकाराबद्दल मनापासून धन्यवाद. मीच कळवणार होतो आणि मला हिंमत होत नव्हती.

आमच्याच संस्थेत राजसी नावाची मुलगी आहे, बदलापूरचीच. मी काढलेले फोटो ती कॉम्प्युटरवर एकावर एक जुळवून त्यातून रिसेप्टरचा आकार काढते. आम्हाला लग्न करायचं आहे. घरी सांगितलेलं नाही, कारण बाबा म्हणजे बाबाच आहेत. डिसेंबरात तुम्हाला बघायला आलो, कारण आईने आधीच माझ्यासाठी नवा शर्ट आणि स्वतःसाठी पैठणी आणली होती. तुमच्याकडे बर्फावर बोलत राहिलो ते घाबरून. दुसरा विषय निघू नये म्हणून.

मग मी पत्रं का लिहीत राहिलो, असं तुम्हाला वाटेल. घरून दर रविवारी फोन येतो. विचारतात, काम कसं चाललंय. मी म्हणतो, बरं चाललंय. संपलं. त्याच्यापुढचा प्रश्न मला आजवर घरच्या कुणी विचारला नव्हता. तुमच्या बाबांनी विचारला, आणि मग त्याच्यापुढचाही. खोटी म्हैस उभी करून का होईना.

राजसीचं कृपया कुणाला सांगू नका. वेणूकाकूंना तर नकोच.

कल्पेश


हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम
१७ नोव्हेंबर २०२४

कल्पेश पोरा,
अनेक आशीर्वाद.

सांगते मी आहे, वेणू. लिहितात काका. (अक्षर माझं आहे, मतं माझी नाहीत. ह.)

जिज्ञासाने राजसीचं मला सांगितलं. कोणाला सांगू नको म्हणून तू बजावलं होतंस, तेही तिने सांगितलं.

आधी माझं सांगते. सप्टेंबरात ऑपरेशन झालं. जो तुकडा काढला तो तपासला, त्याच्यात काय सापडलं नाय. डॉक्टर म्हणाले, औषधाने आधीच साफ केलं होतं. पण दर तीन आठवड्यांनी जावं लागतं, मार्चपर्यंत. हृदय चांगलं हाय. केस एवढे एवढे आलेत, कुरळे आलेत, जन्मात कधी नव्हते. डॉक्टर आता मला आजी म्हणत नाय. (ते वेणूताई म्हणतात. एकदा मॅडम म्हणाले.)

आता तुझं. गेल्या रविवारी आम्ही दोघं अंबरनाथला तुझ्या घरी गेलो. तुझ्या बापाला वाटलं आम्ही होकार घेऊन आलो. तो आतून शर्ट घालून आला, तुझ्या आईने, विठाने, लाडू काढले. मी लाडू खाल्ला आणि मग सांगितलं, सुदामभाऊ, आमची मुलगी नाही म्हणते. त्याचं तोंड उतरलं. मी म्हटलं, थांबा, तुमचा मुलगा पण नाही म्हणतो. मग राजसीचं सांगितलं. सांगितलं की मी चौकशी केली हाय, पोरगी चांगली हाय, बदलापूरची हाय, भटजींच्या घरातली हाय, आणि तुझे फोटो नीट जुळवते.

तुझा बाप उठला आणि गच्चीवर निघून गेला. म्हणाला, या विषयावर बोलणं नाही.

काका म्हणाले, चल निघू. (मी खरंच म्हणालो. लाडू संपले होते.) मी म्हटलं, नाय. मला आता तीन-तीन तास खुर्चीत बसायची सवय झाली हाय. आणि मी बसले. विठाबरोबर भाजी निवडली. जेवायच्या वेळेला तुझा बाप खाली आला, मला बघितलं, गप जेवला, परत वर गेला. मी बसलेलीच. दुपारी विठाने चटई टाकली, तिथे जरा पडले, उठून परत बसले. चारला चहा झाला तेव्हा तो आला आणि समोर बसला.

म्हणाला, लोक काय म्हणतील. विठा म्हणाली, "आपला पोरगा काय काम करतो ते लोकांना अजून म्हाइत नाय, ते काय म्हननार?" मग म्हणाला, मला तरी कुठे माहीत हाय. तेव्हा मी त्याला चार बोटं दाखवून सगळं सांगितलं. हळदीचं, हाताचं, बसण्याचं. माझ्या डोक्यावरची ओढणी काढली आणि केस दाखवले. म्हटलं, हे तुमच्या पोराचं काम हाय. तो पोरगा औषध बनवत नाय, ते मला म्हाइत हाय. पण ज्या दिवशी मला कोण नीट सांगत नव्हतं, त्या दिवशी तुमच्या पोराने सांगितलं.

तो बराच वेळ माझ्या डोक्याकडे बघत बसला. मग विठाला म्हणाला, "अगं, सुरुवातीला तो आपल्याला सांगायचा ना. आपणच आवाज येत नाही म्हणून फोन ठेवायचो." विठा पदराने डोळे पुसत आत गेली. (मीही जरा बाहेर जाऊन आलो.)

तरी मागे हटेना. खूप वेळाने खरं पोटातलं बाहेर काढलं. म्हणाला, वेणूताई, जात-बीत राहू दे, पण ती पोरगी मासे खाणार नाय. आपल्या घरात रोज जिताडा, कोळंबी, सुकट. एका ताटाला वरणभात, असं घर कधी बघितलंय का? सणाला सगळे बसणार आणि सून बाजूला. माझ्या गळ्याखाली घास उतरेल का?

मी म्हटलं, सुदामभाऊ, तिच्या वाटणीचा तुकडा रोज कोणाच्या ताटात पडणार, याचा विचार केलात काय?

त्याने बोटांनी काहीतरी मोजलं. मग म्हणाला, "हे सकालीच सांगितलं असतंस, तर मी गच्चीवर कशाला गेलो असतो?"

तुझी,
वेणूकाकू